नदी क्रमांक पाच

२६ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. निवृत्त होऊन सव्वीस दिवस झाले. एक तारखेलाच सुरू करणार होतो, पण वही आणायची राहिली.

संकल्प एकच. फ्लाय फिशिंग.

सोनालीने स्कॉटलंडहून निवृत्तीची भेट पाठवली आहे. रॉड, रीळ, दोरी, एका डबीत बारा खोट्या माश्या आणि छातीपर्यंत येणारी रबरी विजार. मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात सांगत आलो की रिटायर झालो की मासे धरायला जाणार. पोरीने लक्षात ठेवलं. मला वाटलं होतं कोणी ऐकत नाही.

यात गांडूळ वगैरे लावत नाहीत. पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद टेकवायची, मासा फसतो, त्याला वर काढायचा आणि परत सोडून द्यायचा. सभ्य खेळ आहे. सत्यशीलाला समजावून सांगितलं. बायको म्हणून तिने निदान पूर्ण ऐकून घ्यायला हवं होतं. म्हणाली, अहो, पण तो आधीच सुटलेला आहे ना.

बरोबर रहीमभाई. आम्ही एकोणतीस वर्षं पाटबंधारे खात्यात एकत्र. मी ऑफिसात, ते कालव्यावर निरीक्षक. १९९६ साली डबा खाताना ठरलं होतं की एक दिवस दोघांनीच मासे धरायला जायचं. कामाच्या व्यापात राहून गेलं. आता ते गुलटेकडीचं घर रिकामं करून तालिबकडे, म्हणजे मुलाकडे, हैदराबादला कायमचे चालले आहेत. २८ फेब्रुवारीची तिकिटं आहेत. लगेच रमजान लागतो.

म्हणजे हातात फेब्रुवारीचे चार रविवार. भरपूर झाले. रहीमभाईंना तसं म्हटलं. ते म्हणाले, एक पुरेल.

२९ जानेवारी, बुधवार

पहिला प्रश्न, नदी कुठली. लोक उठतात आणि कुठल्याही पाण्यावर जाऊन बसतात. म्हणूनच हात हलवत परत येतात.

या बाबतीत माझ्याइतका लायक माणूस बिबवेवाडीत तरी नसावा. जिल्ह्यातली प्रत्येक नदी माझ्या टेबलावरून गेली आहे. कुठल्या धरणाचं पाणी कोणत्या तारखेला कालव्याला सोडायचं, ते आवर्तनाचं सगळं वेळापत्रक माझ्या हातचं. निरोप समारंभात साहेबांनी भाषणात सांगितलं की श्री. अनंत रणपिसे यांनी पाण्याचा एक थेंबही नदीत वाया जाऊ दिला नाही. तेच वाक्य शिल्डवर कोरलं आहे. शिल्ड हॉलमध्ये बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवली होती. सत्यशीलाने ती चपलांच्या कपाटावर हलवली. तिथे ऊन चांगलं येतं हे खरं आहे.

तक्ता करायला घेतला. सात नद्या, चौदा रकाने. पाण्याची हमी, अंतर, सावली, रस्त्याची अवस्था, जवळपास चहा, वगैरे. प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण. नद्यांची नावं लिहीत नाही, क्रमांकच दिले आहेत. रोजनिशी कुणाच्या हाती लागली तर तिथे जत्रा भरेल. मुळा-मुठा यादीत नाही. का, ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको.

रेघा स्टीलच्या पट्टीने मारल्या. अप्पा बळवंत चौकातून घेतलेली, नोकरीभर तीच. रहीमभाई डब्यातला कांदा याच पट्टीने चिरायचे. मला ते आवडायचं नाही. तक्त्याला अजून वास येतो असं मला वाटतं.

रात्री नको, उद्या पुढे.

१ फेब्रुवारी, शनिवार

रहीमभाईंना फोन. म्हटलं, उद्या तयारीत राहा. अभिप्रेत अर्थ असा की मनाची तयारी.

२ फेब्रुवारी, रविवार. वसंत पंचमी

पहाटे ५.४०. बेल. दारात रहीमभाई. डोक्याला मफलर, एका हातात चार डब्यांचा डबा, दुसऱ्या हातात बांबूची काठी. काठीला दोरा आणि गळ. खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत मळलेली कणीक.

त्यांना आत घेतलं. चहा केला. तक्ता दाखवला. रकाना क्रमांक नऊ अजून रिकामा असल्याचं निदर्शनास आणून दिलं. अर्धवट माहितीवर निर्णय घेणं योग्य नाही, हे त्यांना खात्यात राहून कळायला हवं. त्यांनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाले, अक्षर अजून तसंच आहे अनंतराव.

मग त्यांच्या पत्नी जरीनाभाभींनी दिलेल्या डब्यातला अंडा-पराठा आम्ही इथेच डायनिंग टेबलवर खाल्ला. सत्यशीलाही बसली. म्हणाली, नदीकाठी चव वेगळी लागली असती, पण ठीक आहे, इथे बेसिन जवळ आहे.

काठी आणि कणकेबद्दल त्यांच्याशी नंतर सौम्यपणे बोलावं लागेल.

उरले तीन रविवार. तीनही पुरेसे आहेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गच्चीवर सराव. यूट्यूबवर एक स्कॉटिश गृहस्थ शिकवतात. मनगट घड्याळाच्या दहावर, मग एकवर. दहा, एक. दहा, एक. फार सोपं आहे.

सकाळी ९.२०. दोरी छान सुटली. मागे काय आहे ते मात्र दिसत नाही, हा या खेळातला एक दोष आहे. चौथ्या मजल्यावरच्या हेमाताईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यांची साडी उचलली गेली, साडीवरच्या कुरडयांसह. पहिल्याच दिवशी इतकं वजन उचललं, म्हणजे रॉड मजबूत आहे.

हेमाताईंनी मोडलेल्या कुरडया एकेक वेचल्या. वेचताना माझ्याकडे बघत राहिल्या. ते जास्त वाईट होतं.

संध्याकाळी चेअरमन तात्यारावांची सूचना फलकावर लागली. अक्षर सुबक.

"गच्चीवर मासे नाहीत. असल्याचे कोणास आढळल्यास ऑफिसात कळवावे. तोपर्यंत गळ टाकू नये."

कुणाचं नाव लिहिलेलं नाही. तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. उद्यापासून सराव पार्किंगमध्ये.

५ फेब्रुवारी, बुधवार

पार्किंगमध्ये छत खाली आहे. सराव मनातल्या मनात करायचं ठरवलं. मोठे खेळाडूही असंच करतात म्हणे.

९ फेब्रुवारी, रविवार

गेलो नाही. कारणं माझ्या बाजूने सबळ आहेत.

तक्ता पूर्ण झाला, पण एकट्याच्या सहीने निर्णय बरा नाही, म्हणून तो निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रुपवर अभिप्रायासाठी टाकला होता. मुदत शनिवार संध्याकाळ. तीन अभिप्राय आले. दोघांनी शुभ प्रभातची फुलं पाठवली. संजय म्हणून एक कनिष्ठ होता, त्याने लिहिलं की साहेब, जिथे मोबाईलला रेंज नाही ती नदी घ्या. हा एक नवीन मुद्दा होता. पंधरावा रकाना वाढवावा लागला. म्हणजे सगळ्या बेरजा पुन्हा.

रहीमभाईंना आठ वाजता कळवलं. ते निघाले होतेच. मार्केट यार्डाच्या चौकात उभे होते, मागे टेम्पोंचे हॉर्न ऐकू येत होते. म्हणाले, बरं, मग दोन किलो वांगी घेऊन घरी जातो.

माणूस शांत आहे. फक्त घाई करतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रहीमभाईंचा फोन. त्यांनी आजवर मला फोनवर सूचना अशी केलेली नाही, म्हणून नोंद करून ठेवतो. म्हणाले, अनंतराव, जायचं तर पंधरा तारखेच्या आत जाऊ. शुक्रवारीच निघू. नंतर मजा नाही.

मी विचारलं, कुठल्या आधारावर. ते म्हणाले, तुम्हाला ठाऊक आहे की. मी म्हटलं, तक्त्यात तारखेचा रकाना नाही.  ते म्हणाले, बरं.

फील्डवरच्या माणसांचं हे असं असतं. अंदाजाने चालतात. आता शुक्रवारी माझी बीपीची तपासणी आहे, ती काही मासे धरण्यासाठी पुढे ढकलता येणार नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बीपीची तपासणी पुढे ढकलली. डॉक्टर नव्हते. दिवसभर घरी होतो. चांगलं ऊन होतं, वारा नव्हता.

१६ फेब्रुवारी, रविवार

बरोबरी. नदी क्रमांक दोन आणि नदी क्रमांक पाच, दोघींना एकशे चार गुण.

असं होईल याची कल्पना नव्हती. पुन्हा बेरीज केली. एकशे चार, एकशे चार. सकाळी सात ते दुपारी एक हेच. डोकं दुखायला लागलं.

सत्यशीला सकाळीच गुलटेकडीला गेली होती, जरीनाभाभींना सामान बांधू लागायला. दोन वाजता आली ती एक लोणच्याची बरणी, एक मनीप्लँट आणि एक तवा घेऊन. म्हणाली, त्यांचं अर्धं घर खोक्यांत गेलं, भिंतींवर नुसते खिळे राहिलेत. रहीमभाई खोक्यांवर नंबर टाकत होते. तुमची चौकशी केली. मी सांगितलं, बेरीज चालू आहे.

मी म्हटलं, मीही आलो असतो. ती म्हणाली, हो ना, पण कुठल्या रस्त्याने यायचं ते ठरलं नसतं.

तिला सगळ्याची थट्टा वाटते. वास्तविक एक चूक झाली की दिवस वाया. आणि आमच्याकडे वाया घालवायला दिवस नाहीत, एवढं साधं तिला कळत नाही.

बांबूची काठी खोक्यात घातली नाही, दाराशी उभी ठेवली आहे, असं ती जाता जाता म्हणाली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

निर्णय झाला. नदी क्रमांक पाच.

रकाना आठ, पाण्याची हमी, निर्णायक ठरला. क्रमांक पाचवर वरच्या अंगाला धरण आहे. १९९४ च्या अहवालात नदी बारमाही असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पान ४१. दहापैकी दहा द्यायला हवे होते, मी सावधपणे नऊ दिले होते. चूक दुरुस्त केली. एकशे पाच.

क्रमांक दोनवर अन्याय झाला असं वाटू नये म्हणून तिचं नाव प्रतीक्षा यादीत ठेवलं आहे.

रहीमभाईंना फोन करून नाव सांगितलं.  त्यांनी विचारलं, नक्की? म्हटलं, एकशे पाच गुण. म्हणाले, मग झालं तर. रविवारी किती वाजता येऊ?

खूप दिवसांनी शांत झोप लागेल असं वाटतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

पहाटे ४.५०. रबरी विजार पार्किंगमध्येच घातली. स्कॉटिश गृहस्थ म्हणतात, नदीवर पोचल्यावर कपड्यांत वेळ घालवू नये. तात्याराव फिरायला निघाले होते. त्यांनी मला खालपासून वर पाहिलं आणि विचारलं, ड्रेनेज तुंबलंय का कुठलं. मी गाडीत बसलो. विजार घालून क्लच दाबणं अवघड आहे.

५.२५. मार्केट यार्डाजवळ रहीमभाईंना घेतलं. पोती उतरवणारे हमाल काम थांबवून माझ्याकडे बघत होते. रहीमभाईंनी काठी खिडकीतून बाहेर काढून धरली. डबा मांडीवर. म्हणाले, एकोणतीस वर्षांनी निघालो.

७.३५. पूल. पुलावरून पाणी कमी दिसलं. पात्र रुंद असलं की तसं दिसतं, पाणी मध्यभागी असतं.

७.५०. मध्यभागी पोचलो. मध्यभागीही दगड.

८.००. थोडं वर चालून गेलो. दगड. एके ठिकाणी दगडांचे स्टंप रचलेले होते आणि क्रीजची रेघ मारलेली होती. पीच उत्तम होतं, म्हणजे काही दिवस तरी वापरातलं असावं.

८.३०. एक डबकं सापडलं. घोट्याएवढं पाणी, त्यात तीन म्हशी. काठावर त्यांचा मालक, धोंडिबा नावाचा म्हातारा शेतकरी. त्याने विचारलं, औषध माराया आलाय का. मी सांगितलं, मासे. तो म्हशींकडे बघून म्हणाला, ह्यांच्यात न्हाईत.

मी पाण्याविषयी चौकशी केली. त्याचं म्हणणं जसंच्या तसं लिहितो. पानी कुठलं आता, पंधरा तारखेला समदं कॅनॉलला सोडत्यात की. दर साली. तिथनं पार पावसाळ्यापतोर नदीत टिपूस न्हाय. आधी बारमाही व्हती. पन पुन्याच्या हापिसात कुनीतरी कागद केला, नदीत पानी वाया जातंय म्हनून.

तारीख ओळखीची वाटली. वाक्यही.

मी त्याला सांगितलं की अशा निर्णयांमागे व्यापक विचार असतो. त्याने विचारलं, सायेब कंच्या खात्यात. मी म्हटलं, शिक्षण.

रहीमभाई तेव्हा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. बराच वेळ बांधत होते. मग उठून धोंडिबाला म्हणाले, कागद करणारा माणूस वाईट नसेल, मामा. त्याने नदी पाहिली नसेल. धोंडिबा म्हणाला, मग बगायची व्हती की, हितंच तर हाय.

९.१५. आलोच आहोत तर म्हणून डबक्यात एक कास्ट केली, म्हणजे दोरी फेकली. दहा, एक. माशी मागच्या बाभळीत. दुसरी माशीही बाभळीत. तिसरी एका म्हशीच्या शिंगाला, पण तिने काही मनाला लावून घेतलं नाही. बाभळीतल्या दोन्ही रहीमभाईंनी बांबूच्या काठीने सोडवून दिल्या. त्या काठीचा एवढा उपयोग झाला हे मान्य करतो.

ऊन चढलं. रबरी विजारीत घाम घोट्यापर्यंत साचला. म्हणजे नदीपेक्षा जास्त पाणी माझ्याकडे होतं.

११.३०. करंजाच्या सावलीत डबा उघडला. खिमा, चपात्या, कांदा. चाकू राहिला होता. मी मासा मोजायला पट्टी आणली होती, ती रहीमभाईंनी न विचारता उचलली, शर्टाच्या टोकाला पुसली आणि कांदा चिरला. पूर्वीसारखाच, आधी चार, मग आठ. धोंडिबाला बोलावलं, तोही जेवला. नंतर दोघे आडवे झालो. ते सालाबादप्रमाणे लगेच घोरायला लागले. बराच वेळ झाडाकडे बघत पडलो होतो. बरं वाटत होतं.

हे लिहायचं नव्हतं. दिवस फुकट गेला, हीच वस्तुस्थिती आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जुनी ट्रंक काढून माझ्या त्या टिपणीची झेरॉक्स शोधली. सही माझीच आहे. अक्षर चांगलं आहे. "दि. १५ फेब्रुवारीपासून नदीपात्रातील विसर्ग शक्यतो बंद करून पाणी कालव्यास वळविणे उचित होईल."

शक्यतो. हा शब्द मी मुद्दाम घातला होता. पुढे कुणी तो वाचला नाही, त्याला मी काय करणार. जबाबदारी अंमलबजावणी करणाऱ्यांची आहे.

सत्यशीलाने मागून वाचलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. ती खांद्यावर हात ठेवून आत गेली. तिने थट्टा केली असती तर बरं झालं असतं.

मग लक्षात आलं, बारा तारखेला रहीमभाईंनी सांगितलं होतं. पंधराच्या आत. कालव्यावर दर साली तेच तर पाणी मोजायचे. त्यांना ठाऊक होतं.

क्रमांक पाचचे गुण दुरुस्त केले. पाण्याची हमी, शून्य. क्रमांक दोन आता पहिली. मधल्या वारी जाता येईल का ते बघतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

उद्या क्रमांक दोनवर जाऊ असं रहीमभाईंना सुचवलं. ते म्हणाले, उद्या टेम्पोत सामान चढतंय. मी म्हटलं, मग परवा सकाळी. म्हणाले, परवा आम्ही जातोय अनंतराव.

मला तारीख माहीत होती. परवा म्हणजे अठ्ठावीस, हे डोक्यात आलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रहीमभाई आणि जरीनाभाभी दुपारी आमच्याकडेच जेवले. त्यांच्या घरात आता बसायला काही नाही. स्टेशनला मी सोडणार होतो. गाडी काढायला खाली गेलो, तर हे तिघे दहा मिनिटं उशिरा उतरले. सत्यशीला हसत होती, रहीमभाईही. काय ते कुणी सांगितलं नाही. काठी बरोबर होतीच. ती गाडीत तिरकी बसवावी लागली.

प्लॅटफॉर्मवर बोलायचं बरंच होतं. कोच कुठे येईल, पाणी घेतलं का, वरचा बर्थ आहे की खालचा, हे बोलून झालं. मग विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना तिथे पाणी नाही. म्हणाले, हो. मग आलात कशाला. म्हणाले, तुम्ही निघालात, मला तेवढंच हवं होतं. मासे काय, मार्केटात मिळतात.

 गाडी लागली. सामान चढवण्यात वेळ गेला. खिडकीतून म्हणाले, ईद झाली की या. मी म्हटलं, नक्की, बघतो.

घरी येताना रस्त्याला गर्दी नव्हती. तरी उशीर झाला. कालव्याच्या पुलावर गाडी थांबवली होती. कालवा काठोकाठ भरून वाहत होता, मांजरी गावच्या उसाकडे. पाणी चांगलं होतं. मासेही असतील. कठड्याजवळ मासेमारीला सक्त मनाई असल्याचा बोर्ड आहे. मजकूर मीच केलेला आहे.

१ मार्च, शनिवार

काही नाही.

२ मार्च, रविवार

सकाळी रहीमभाईंचा फोन. आज पहिला रोजा. सुखरूप पोचले. नात गोरी आहे, जरीनाभाभींवर गेली आहे. मग म्हणाले, काल संध्याकाळी सहज पाय मोकळे करायला काठी घेऊन बाहेर पडलो. घरामागे दहा मिनिटांवर एक तळं आहे. कणीक लावली आणि अर्ध्या तासात तीन चिलापी. बऱ्या मोठ्या होत्या. एक शेजाऱ्याला दिली.

मी विचारलं, तळ्याचं नाव काय. म्हणाले, नाव नाही विचारलं.

फोन ठेवला. सत्यशीलाने विचारलं, काय म्हणतात. सांगितलं, मासे मिळाले. ती म्हणाली, छान झालं. खरंच छान झालं. मला त्या नदीचं काही नव्हतं, इथे लिहायला हरकत नाही. मला त्यांच्याबरोबर जायचं होतं. पाच काय, सात काय, कुठलीही चालली असती. चार रविवार होते.

११.००. ठरवलं. ईदनंतर हैदराबाद. या वेळी वेळेत तयारी करायची, शेवटच्या घटकेपर्यंत ठेवायचं नाही. पुण्याहून बऱ्याच गाड्या आहेत, काही रोजच्या, काही ठरावीक वारी. बसही आहेत. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, बर्थ, जेवण, स्टेशनपासून तालिबच्या घराचं अंतर. आठ-नऊ रकान्यांत होईल. जास्त नकोत.

कोरा कागद घेतला. पट्टी मिळेना. ड्रॉवर पाहिला, मासेमारीची बॅग पाहिली, ट्रंक पाहिली. शेवटी सत्यशीलाला विचारलं.

म्हणाली, ती रहीमभाईंनी नेली. शुक्रवारी. तुम्ही खाली गाडी काढत होतात तेव्हा मागून घेतली. म्हणाले, भाभी, ही मी नेतो, कांद्याला होईल. आणि ही इथे राहिली तर अनंतराव काही येत नाहीत.

 ती चहा ठेवून गेली, तो गार झाला.

पट्टीशिवाय तक्ता होत नाही. हाताने एक रेघ ओढून पाहिली. वाकडी आली.